अखजीपर्यंत बरडावर

उमरेडहून पुढं निघालं की काळी जमीन हळूहळू लाल होत जाते. मग ती लालही राहत नाही, नुसती गोटाड होते. हिवरी गावाच्या उगवतीला असंच एक बरड आहे. पळसाची थोडी झाडं, बोरीची काटेरी झुडपं, बाकी सारा मुरूम. पाऊस तिथं पडतो पण थांबत नाही. आला तसा नाल्याकडं निघून जातो. वैशाखात तर त्या रानात सावलीसुद्धा आपल्याच बुडाशी अंग चोरून बसते. या बरडावर रुखमाबाईचा जीव होता. जित्या माणसांपैकी फारशा कुणावर तो नव्हता.

रुखमाबाई माणसाकडं बघायची ते बाजारात किडकं वांगं बघावं तसं. उचलायचं, फिरवायचं, परत टोपलीत टाकायचं. सरपंचाला ती 'इस्त्री' म्हणायची, शाळेच्या मास्तराला 'खडू'. शेजारीण मीठ मागायला आली तर मीठ द्यायची, पण देताना असं बघायची की शेजारणीला वाटावं, अळणीच खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तिचा नवरा जयवंता तिच्याच जातकुळीचा होता, म्हणून दोघांचं जमलं. कावीळ होऊन तो खंगला, तेव्हा त्यानं एकच सांगून ठेवलं, मले बरडावर जाळा, तिकडं कोनी येत नाही. तसंच केलं. जाळलं तिथं रुखमाबाईनं एक उभा गोटा रोवला.

पोटाला लेकरू नव्हतं. जयवंताच्या वाट्याची काळी जमीन धाकट्या भावाच्या, चंपतरावाच्या, शिक्षणात आणि नोकरीत गेली होती. चंपतरावाच्या वाट्याची मात्र शाबूत होती. नागपुरात सीताबर्डीवर एका कचेरीत तो कारकून होता आणि इकडं वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या सालदाराच्या हातून शेती करून घेत होता. बरड तेवढं दोघा भावांचं सामाईक राहिलं, कारण ते वाटून मागावं असं कधी कुणाला वाटलंच नाही. रुखमाबाई त्यावर शेळ्या चारायची, हिवाळ्यात बोरं वेचायची, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून उमरेडच्या बाजारात विकायची. एवढ्यावर तिचं बरं चाललं होतं. कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्याआधी नागपूरचा एक ठेकेदार जीप घेऊन आला. बरडावर उतरला, बुटाच्या टाचेनं गोटा खरवडला आणि म्हणाला, इथं गिट्टीची खदान होईल. पुढच्याच रविवारी चंपतराव एसटीतून उतरला. अंगात टेरीलीनचा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा.

"वहिनी, आता तू एकटी काहून राहतं इथं?" तो ओट्यावर बसून म्हणाला. "नागपुरात चाल. शोभालेही घरात हाताखाली माणूस पाहिजे."

रुखमाबाई पत्रावळीला काडी टोचत होती. तिनं मान वर केली नाही.

"भांडे घासाले बाई भेटत नाही वाटते नागपुरात?"

"तसं नाही वं."

"तसंच आहे. तुयं नाक म्या पुसलं चंपत, आता तुह्या बायकोचे भांडे पुसू? बरड माह्यं आहे. जा, चहा पिऊन जा."

चंपतराव चहा पिऊन गेला तो थेट रामाजीकडं. रामाजी गावातला जुना पंच, जयवंताच्या बापाच्या बरोबरीचा. गावात वारसाचं काही अडलं की कचेरीआधी लोक त्याच्या ओट्यावर जात. चंपतराव म्हणाला, भावाला मूलबाळ नाही, त्याच्यामागं वारस मीच. रामाजीनं रुखमाबाईलाही बोलावून घेतलं. ती डोक्यावर पदर घेऊन भिंतीआडून म्हणाली, मामाजी, वारस म्हणते त्याले इचारा, भावाच्या तिसऱ्याले तो कुठं होता.

रामाजीनं बराच वेळ तंबाखू चोळली.

"बरडाचा वारस कोन, ते बरडच सांगीन," तो म्हणाला. "चैती पुनवेपासून दोघंही तिथं राहा. उघड्यावर. छपरी बांधाची नाही. एकदा छपरी उभी राहिली का मंग ती कोनाच्यानं मोडत नाही. पाण्यापुरतं धुऱ्याबाहेर, बांधापलीकडं जा. अन् अखजीले आमी पंच येऊ. जयवंताच्या गोट्यापाशी ज्याची घागर काठोकाठ दिसन, बरड त्याचं."

"दोघायची भरलेली दिसली तं?" चंपतरावानं विचारलं.

"तं अर्धं अर्धं."

चंपतराव हसला. अर्धं मिळालं तरी खदान होत होती. रुखमाबाई हसली नाही. अर्ध्या बरडावर सुरुंग लागले तर उरलेल्या अर्ध्यावर ना शेळी राहणार, ना पानं, ना तो गोटा. मग शोभाताईची मोरी होतीच.

अखजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाखातली तीज. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची कोरी घागर पाण्यानं भरून ठेवतात. आदल्या सांजेला भरायची, वर मातीची झाकणी ठेवायची. उन्हानं होरपळलेले पितर येतात आणि ते पाणी पितात. त्यांच्याआधी त्या पाण्याला कुणी तोंड लावत नाही.

चैती पुनवेला रुखमाबाई बरडावर आली ती एक घोंगडी, एक तवा, पिठाचं गाठोडं, एक गाडगं, एक कोरी घागर आणि चार शेळ्या घेऊन. पळसाखाली तिनं गोटे बाजूला सारले, तीन गोट्यांची चूल मांडली, आणि बसली. झालं तिचं घर.

चंपतराव आला तो बैलगाडीतून. गाडी त्याच्या सालदाराची, म्हणजे नत्थूची. गाडीतून एकेक वस्तू उतरू लागली आणि रुखमाबाई हातातलं काम सोडून बघत राहिली. घडीची खाट उतरली. कापडी तंबू उतरला. स्टोव्ह, थर्मास, ट्रान्झिस्टर, छत्री, दाढीचं सामान, घामोळ्याची पावडर.

"तंबू म्हणजे छपरी नाही वहिनी," चंपतराव आधीच म्हणाला. "कापड आहे."

"राहू दे बाप्पा," रुखमाबाई म्हणाली. "पावडर लावाले आडोसा पाहिजेच."

नत्थू तोंड फिरवून बैलांच्या पाठीवर हात फिरवू लागला.

तंबू काही फार टिकला नाही. एका दुपारी बरडावर वावटळ उठली. उन्हाळ्यातली ही वावटळ तांबडी असते. लांबून येताना दिसते, घागरा फिरवत येणाऱ्या बाईसारखी डौलात येते. तिनं पळसाची वाळली पानं उचलली, बोरीचे काटे उचलले आणि शेवटी चंपतरावाचा तंबू उचलला. तो बोरीच्या झुडपात जाऊन फाटला. चंपतराव बनियनवर मागं धावला. रुखमाबाई भाकर थापत होती. तिनं फक्त तव्यावर हात आडवा धरला, भाकरीत माती जाऊ नये म्हणून.

मग तो छत्रीखाली राहू लागला. सकाळी नत्थू गाडीतून पाणी आणि पोळ्या आणून देई. दिवसभर चंपतराव छत्री सूर्याबरोबर फिरवत खाटेवर बसे. ट्रान्झिस्टरवर गाणी लागत. रुखमाबाईला गाण्यांचं काही नव्हतं, पण शेळ्या बिचकत.

"बंद कर तो डब्बा," ती ओरडे. "शेळीचं दूध आटून राहिलं."

"तुह्या शेळीले गाणं समजते काय?"

"समजते म्हणून तं आटते."

ती स्वतः पहाटे नाल्यात उतरे. नाला कोरडा होता, पण वाळूत हातभर खड्डा उकरला की झिरीला पाणी लागे. वाटीवाटीनं ते उपसायचं, पदरातून गाळायचं, गाडग्यात भरायचं. चंपतरावानं एकदा ते गढूळ पाणी पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"जंतू असतात याच्यात वहिनी."

"हो," ती म्हणाली. "तेच पिऊन तू मॅट्रिक झाला."

अशी पुनव ओसरली, अवस गेली, आणि अखजी उद्यावर आली. चंपतराव टिकला, हे रुखमाबाईला आवडलं नाही. नाकाची सालं गेली होती, ओठ फुटले होते, पण तो खाटेवरून हलला नव्हता. आता तर दोघांच्याही घागरी भरणार होत्या. रुखमाबाईला भाकर गोड लागेना. शोभाताईच्या स्वयंपाकघरातला आवाज तिला आताच ऐकू येऊ लागला, घासणीचा.

त्या दिवशी नत्थू दोनदा आला. सांजच्याला त्यानं कोरी घागर आणली, पाण्यानं काठोकाठ भरली आणि जयवंताच्या गोट्याच्या एका अंगाला ठेवली. दुसऱ्या अंगाला रुखमाबाईची घागर होती, तीही भरलेली.

"मालक," नत्थू म्हणाला, "उद्या अखजी."

"म्हणूनच तं म्हणतो, उद्या लवकर ये. पंच याच्या आधी ये. थर्मास भरून आण."

नत्थू काही वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हातातली तुतारी, बैल हाकायची ती काठी, मालकाच्या खाटेला टेकवून ठेवली, वाकून पाया पडला आणि गाडी घेऊन गेला. चंपतरावाला ते पाया पडणं सणाचं वाटलं.

रुखमाबाईला सगळं समजलं. आमच्याकडं सालदाराचं साल अखजीला फिरतं. आदल्या सांजेला तो मालकाची काठी मालकाला परत देतो आणि आपल्या घरी जातो. अखजीच्या दिवशी तो कुणाचाच नसतो. नवीन बोली झाल्याशिवाय तो मालकाचं गवतही उचलत नाही. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण ज्याची शेती दुसराच करतो, त्याला साल कधी फिरतं ते सीताबर्डीवर बसून कसं कळणार? काठी समोर टेकवलेली होती आणि चंपतरावानं तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

सांगायचं रुखमाबाईच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. ज्यानं कधी विचारलं नाही, त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

अखजीला चंपतराव लवकर उठला. पंचांसमोर नीट दिसावं म्हणून त्यानं उरलेल्या पाण्यानं दाढी केली, तोंड धुतलं, शेवटच्या कपाचा चहा केला. मग हिवरीच्या वाटेकडं तोंड करून बसला. ऊन चढलं. गाडी आली नाही. उन्हानं वाट पांढरी पडली, मग थरथरू लागली. पंच घरचे नैवेद्य उरकून येणार, म्हणजे दुपारशिवाय नाही.

चंपतरावानं थर्मास उलटा करून जिभेवर धरला. एक थेंब आला. मग तो उठला, चार पावलं नाल्याकडं गेला, आणि त्या तापल्या गोट्यांवरून परत आला. रुखमाबाईकडं एकदा त्यानं बघितलं. तिनं बघितलं नाही असं दाखवलं. मागायला तोंड लागतं, आणि ते त्यानं इतके दिवस वाकडं ठेवलं होतं.

ती पाठ करून भाकर थापत होती. तेव्हा मागून मातीवर माती घासल्याचा बारीक आवाज आला. झाकणी उचलल्याचा. मग घटघट. मग पुन्हा झाकणी ठेवल्याचा. रुखमाबाईचे हात पिठात थांबले. तिनं वळून बघितलं नाही. भाकर तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात तिच्यावरून फिरवला.

भाकर उलटते न उलटते तोच, भर दुपारी, रामाजी आणि दोघं पंच आले. रामाजीनं टोपी काढून गोट्याला हात जोडले. रुखमाबाईच्या घागरीची झाकणी उचलली. पाणी काठाला लागलं होतं; आभाळाचा तुकडा त्यात हलत होता. चंपतरावाची झाकणी उचलली. पाणी गळ्याखाली उतरलं होतं.

"पाझरली," चंपतराव म्हणाला. "कोरी घागर, मामाजी. पाझरतेच."

रामाजी सावकाश खाली बसला. त्यानं आधी रुखमाबाईची घागर कलती केली. बुडाखाली बोटभर ओल, बाकी भुरभुरता मुरूम. मग चंपतरावाची केली. खाली तेवढीच ओल होती.

"एवढी पाझरली अन् खाली एवढीशीच ओल?" तो म्हणाला. "पानी वर उडून गेलं काय गा?"

चंपतरावानं तोंडावरून हात फिरवला. मिशीवर अजून ओल होती.

"रुखमा," रामाजी म्हणाला, "तू काई पाह्यलं काय?"

रुखमाबाईनं पदर सारखा केला.

"पाह्यलं नाही, आयकलं. तहान लागली असन मामाजी. पेला. ते असते तं त्याइनं सोताच पाजलं असतं याले. साऱ्या जिंदगीभर पाजलंच ना? जमीन पाजली, नोकरी पाजली. आता मेल्यावरचं पानीही याच्याच घशात गेलं, तं त्यात नवीन काय?"

एका शेळीनं खाटेवरच्या टॉवेलाला तोंड लावलं आणि खालची काठी खडखडत गोट्यांवर पडली. रामाजीनं ती उचलली, ओळखली, आणि चंपतरावाकडं असं बघितलं की रुखमाबाईला त्यात भर घालावी लागली नाही.

"बरड रुखमाचं," तो म्हणाला.

पंच गेले. चंपतराव सामान गोळा करू लागला. गाडी नव्हती, माणूस नव्हता. त्यानं घडीची खाट डोक्यावर घेतली, थर्मास गळ्यात अडकवला, स्टोव्ह काखेत धरला. ट्रान्झिस्टर कुठं धरावा ते त्याला कळेना. चार पावलं गेला आणि थांबला.

"वहिनी," तो पाठमोराच म्हणाला, "पानी हाये काय थोडं?"

रुखमाबाई गाडगं घेऊन उठली. "ठेव ते ओझं. ओंजळ कर."

त्यानं ओंजळ केली. तिनं वरून धार धरली, गाडगं हाताला लागू न देता. वाळू मिसळलेलं झिरीचं पाणी तो घटघट प्यायला, कोपरावरून ओघळलेलंही त्यानं चाटलं. तिनं गाडग्यातलं शेवटपर्यंत ओतलं.

"जंतू असतात त्यात," ती म्हणाली. "जपून जाजो."

खाट डोक्यावर घेतलेला चंपतराव उन्हात लहान लहान होत गेला. रुखमाबाईनं तव्यावरची भाकर उचलली, एक चतकोर मोडून गोट्यापुढं ठेवला आणि उरलेली आपण खाल्ली. भाकर पुन्हा गोड लागत होती.

ठेकेदार दुसरीकडं गेला. रुखमाबाई त्यानंतरही दर साली चैती पुनवेपासून अखजीपर्यंत बरडावर जाऊन राहायची, उघड्यावर, एका घोंगडीवर. गावातल्या बाया विचारत, आता कोणाशी भांडण नाही, मग काहून जातं वं तिकडं? पिकते काय तिथं काही?

"पिकत नाही म्हणूनच तं तुमी येत नाही," रुखमाबाई म्हणायची. "तेच पीक हाये त्याचं."