शेवंताबाईंचा हेडफोन

भद्रावती ते चंद्रपूर अपडाऊन करता करता माझी सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसाजवळ काय जमतं? दुखरी कंबर आणि किस्से! आमचा बसच्या मागच्या दोन सीटांवरचा ग्रुप तर असा, की साधा हेडफोन घ्यायचा म्हटला तरी त्याचे चार किस्से होतात.

हेडफोन पाहिजे होता शेवंताबाईंना. त्या माझ्याच शाळेत शिपाई. नवरा तलावावर मासे धरतो, मुलगा सुनील बेंगलुरूला नोकरीवर. त्याला मुलगी झाली. रेल्वेत रातभर बसायचं तर बाईंचे गुडघे ऐकेनात, म्हणून त्यानं विमानाचं तिकीट पाठवलं. बाई नागपूरला विमानतळाच्या दारापर्यंत गेल्या, डोक्यावरून एक विमान गरजत गेलं आणि बाई आल्या पावली परत!

"छातीत धडधड झाली सर. एवढा आवाज! मी नाई बसत त्याच्यात."

पोरगाही आईवरच गेलेला. म्हणाला, "तू आल्याशिवाय बारसं नाई." पोरगी पाच महिन्यांची झाली, तरी बिनानावाची! बाई रोज बसमध्ये तिचा फोटो दाखवायच्या आणि डोळे पुसायच्या. मला फार वाईट वाटायचं. शेवटी ग्रुपनं ठरवलं, आवाज बंद करणारा हेडफोन शोधायचा आणि बाईंना विमानात बसवायचंच.

*

पहिला प्रयोग गजूभाऊंनी केला. हे एका ऑफिसात बाबू. कानात खुपसायचे इयरबड घेऊन आले. "आधी मी ट्राय करून पाह्यतो," म्हणाले, लावले आणि डोळे मिटले.

ताडाळी गेलं, पडोली गेलं, चंद्रपूर आलं. आम्ही सगळे गपचूप उतरलो. मुद्दामच उठवलं नाही, ट्रायल पूर्ण व्हायला नको?

तासाभरानं पार पुढच्या बल्लारपूरहून फोन आला. "सर, चीज एक नंबर हाय! काईच आयकू येत नाई. आता वापस याले बस कधी हाय?"

हा गुण इयरबडचा की गजूभाऊंच्या झोपेचा, ते ठरेना. शिवाय शेवंताबाईंनी साफ सांगितलं, "कानात बोळे नाई घालत मी." ते बाद.

*

मग गेलो नरेशभाऊच्या मोबाईलच्या दुकानात. काचेचा दरवाजा, आत एसी. त्यानं बाईंच्या कानावर मोठा हेडफोन चढवला. "सांगा, कसं शांत वाटते?"

बाई म्हणाल्या, "तुह्या दुकानात आधीच शांत हाय ना गा बाप्पा! आमच्या बसमंदी येऊन दाखव."

नरेशभाऊही जिद्दी गडी. त्यानं शटर ओढलं, तीन डबे काखेत मारले आणि आला की आमच्यासोबत!

*

बसमध्ये मागच्या सीटवर, खडखडणाऱ्या खिडकीजवळ परीक्षा सुरू झाली. पहिल्यानं बाईंच्या कुड्या दाबल्या. "हा तं कान पकडून राह्यला, शाळेतल्या पोरावानी!" दुसरा अंबाड्यावरून सारखा घसरायचा. तिसऱ्याची गादी मऊ होती. तो आधी गजूभाऊंनी लावून बटन दाबलं.

"अरे, इंजिन गायब!" ते ओरडले. मग हळूच त्यांचा चेहरा उतरला. पुढच्याच सीटवर आमच्या गणिताच्या मंदा मॅडम नणदेची गोष्ट सांगत होत्या. ती भद्रावतीला सुरू झाली होती.

"नरेशभाऊ, इंजिन गेलं, पण मॅडम राह्यल्या ना!"

नरेशभाऊनं समजावलं, की हा एकसारखी घरघर खातो, माणसाचं बोलणं नाही. मंदा मॅडम खूश! "म्हणजे मले बंद कराची मशीन अजून निंघाचीच हाय!"

बाईंनी तोच घेतला. विमान वर गेलं की हे बटन दाबायचं, एवढं आम्ही आठवडाभर पाठ करून घेतलं.

*

रविवारी व्हिडिओ कॉल आला. झालं बारसं! बाईंच्या मांडीवर त्यांची रेवा, आणि बाजूला सुनील हसून हसून बेजार. आम्ही विचारलं, "बाई, हेडफोननं काम केलं का?"

बाई लाजल्या. मग त्यांनी उतरल्या उतरल्या सुनीलला जे सांगितलं होतं, ते त्यानंच आम्हाला ऐकवलं.

विमान वर चढेपर्यंत बाईंनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती. वर गेल्यावर हेडफोन लावला, बटन दाबलं. घर्रर्र एकदम बंद! बाई ताडकन उठल्या, पिशवी काखेत मारली आणि सगळ्यांवर ओरडल्या, "बसून काऊन राह्यले बाप्पा? गाडी बंद पडली ना! उतरा, धक्का मारा!"

हवाई सुंदरी धावत आली. तिनं बाईंच्या कानावरचा हेडफोन अलगद काढला.

घर्रर्रर्र!

बाईंनी छातीवर हात ठेवला आणि हुश्श करून खाली बसल्या. "हां, झाली चालू! आता हा आवाज बंद नोको होऊ देजो बाई, मले नातीचं नाव ठेवाचं हाय!"