सिस्टरबाईंचा लॅपटॉप घरात येतो

रुग्णालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरबाईच म्हणायची. हात हलका, जीभ तिखट. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहत. वरच्या मजल्यावर धाकटे दीर होते, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. वहिनींशी एखादा वाद घातल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

नर्सिंग कॉलेजनं सिस्टरबाईंना घरबसल्या मुलींचे वर्ग घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी हौसेनं नवा लॅपटॉप घेतला. पहिला वर्ग दुपारी होता आणि लॅपटॉप काही केल्या घरच्या वायफायला लागेना. पासवर्ड बरोबर, तरी पडद्यावर एकच पालुपद: जोडता येत नाही.

"वहिनी, बंद करून चालू करा," भाऊजी म्हणाले.

"कितीदा केलं. आता तुम्हालाच बंद करून बघते."

पेशंट तपासावा तशा त्या कामाला लागल्या. त्यांचा फोन त्याच वायफायवर मजेत चालत होता. मग लॅपटॉप भाऊजींच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहिला, तर लगेच लागला!

"म्हणजे लॅपटॉप ठणठणीत, राउटरही ठणठणीत," त्या म्हणाल्या. "फक्त दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

शेवटी इंटरनेटवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या राउटरला कुणीतरी सांगून ठेवलंय, ओळखीच्या यंत्रांशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही. ते बदलायला राउटरचा वेगळा पासवर्ड लागेल."

कुणीतरी म्हणजे कोण, हे दोघांनाही विचारावं लागलं नाही. कडी लागली की नाही हे झोपेतून उठून बघणारा माणूस! तो पासवर्ड यजमान सोबतच घेऊन गेले होते.

"मग मागच्या बारीक भोकात पिन दाबून धरा," मुलगी म्हणाली. "पुढचं मी इथून करते. पण जुनं काही राहणार नाही हं, वायफायचं नावसुद्धा."

नाव यजमानांनीच ठेवलं होतं: 'बाईसाहेब'.

जन्मभर इंजेक्शनं दिलेला हात पिन धरून तसाच थांबला.

"राहू द्या, वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले. "मी दुसरा राउटर आणतो."

"आणि हा काय शोकेसमध्ये ठेवू? इतकी वर्षं त्यांनी दार सांभाळलं. आता मी सांभाळीन."

त्यांनी पिन दाबली. दिवे विझले. सिस्टरबाईंनी चष्मा काढून उगाचच पुसला.

दिवे पुन्हा लागल्यावर नवं नाव द्यायची वेळ आली. जुनंच देतील असं भाऊजींना वाटलं होतं. सिस्टरबाईंनी लिहिलं, 'वॉर्ड चार'.

"हे काय?"

"तुमच्या भावाला पहिल्यांदा तिथंच पाहिलं. पाय मोडून पडले होते, आणि दम मलाच! 'बाईसाहेब, जाताना दार लावून घ्या.'"

भाऊजींनी हसत हसत उठून दार लावून घेतलं.

लॅपटॉप लागला. वर्ग वेळेवर सुरू झाला. बँडेज कसं बांधायचं ते दाखवायला भाऊजींचा हात कामी आला. मुलींच्या शंका संपेनात, सिस्टरबाई रमून गेल्या, आणि बँडेज सोडायचं राहूनच गेलं. संध्याकाळी भाऊजी तसेच भाजी आणायला निघाले. जिन्यात शेजारीण घाबरली.

"अगं बाई, हाताला काय झालं?"

"काही नाही हो," भाऊजी म्हणाले. "वहिनींचं इंटरनेट लागलं."