तिसऱ्या बाटलीतल्या पेशी

अण्णा, म्हणजे माझे वडील, आतड्याच्या कॅन्सरनं गेले. आणि त्याच कॅन्सरच्या पेशी मी नगरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये वाढवते. बापाच्या मारेकऱ्याच्या भाऊबंदांना दर दोन दिवसांनी कोमट, लाल पोषणद्रव घालायचा, माजू द्यायचं आणि मग मारायचं. खोटं कशाला बोलू, मी या कामाला लागले ती ज्ञानासाठी नाही, सूड उगवायला.

बाटल्या तीन. तिन्हींत वेगवेगळ्या रोग्यांच्या गाठींतून आलेल्या पेशी. तिन्हींवर इंटरफेरॉन घातलं. शरीरात शत्रू घुसला की पेशी ज्यानं एकमेकींना सावध करतात, ते हे प्रथिन. पहिल्या बाटलीतल्या पेशी चार दिवसांत मेल्या. मी एकटीनंच टाळ्या पिटल्या. दुसरीतल्या वाढायच्या थांबल्या, नुसत्या दबून बसल्या. आणि तिसरीतल्या? ढिम्म! वर फोफावल्या मेल्या.

अण्णांचं असंच झालं होतं. दवाखान्यात त्यांना दिलेलंच इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या माणसाला लागू पडलं. तो आज घोडेगावच्या बाजारात बैलांचे दात बघत हिंडतो. अण्णांना का लागू पडलं नाही, ते कोणालाच सांगता आलं नाही.

प्रयोग पुन्हा लावला तेव्हाही तिसरी बधेना. माझं टाळकंच सरकलं. बाकी दोघींना खायला घातलं, तिसरीला आठ दिवस काही नाही. लाल द्रव पिवळा पडला, पेशी तळ सोडून तरंगायला लागल्या. मी तिसगावला आईला फोन लावला.

"आई, मेल्या!"

"औषधानं?"

"खायलाच घातलं नाही आठ दिवस."

"उपाशी ठिवल्या व्हय गं?"

"मग काय त्यांची पूजा करू?"

"पूजा नगं करू. पन उपाशी तर कुनीबी मरतं. तुझ्या अण्णांच्या गळ्याखाली शेवटी घोटभर पेज उतरत नव्हती. त्यानं रोग मेला का? मला त्यो रोग मेलेला पायजे. नीट मार."

फोन ठेवून मी ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी लॅब सांभाळणाऱ्या मॅडमना सगळं खरं सांगितलं. नोंदी रद्द झाल्या, बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग गोठवून ठेवलेल्या साठ्यातून त्याच जातीच्या पेशी काढल्या आणि नवी बाटली भरली.

आता तिसरीला मी सगळ्यात आधी वाढते. खा मेल्यांनो, पोटभर खा. तुम्ही कशाच्या जोरावर वाचता, ते कळेपर्यंत मी तुम्हाला मरू देणार नाही.