बाबांचा मोठा आवाज

आपल्याच बापाला चारचौघांत ओळख न दाखवण्याचा मोह तुम्हाला कधी झालाय? खोटं बोलू नका. मला झालाय. आणि मी म्हणजे कोण, तर रोन्से गावात गिरणी कामगारांच्या घरांसाठी नगरपालिकेच्या दारात भोंगा घेऊन ओरडणारी बाई!

माझे बाबा, ओडिलोन. एकेचाळीस वर्षं मागावर उभे राहिले. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, म्हणून ते बोलतात ते ओरडूनच. विणाई खात्यात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. मग सगळे विणकर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे, चार माग पलीकडच्याशीसुद्धा. आई-बाबा घरीही तसंच बोलत. मी आणि माझी बहीण गोडलिव्ह ही बोली शाळेआधी शिकलो.

त्या रविवारी माझ्या लेकीला, लोटाला, घेऊन आम्ही सगळे गेंट शहरात गेलो. तिथला जुना किल्ला बघायचा हट्ट बाबांचाच. त्यांची पणजी तिथे कामाला होती. त्या काळी किल्ल्यात सूतगिरणी होती ना. लोटाला ती जागा दाखवायची, एवढंच त्यांच्या मनात.

"लोटा, बघ गं!" बाबा किल्ल्याच्या अंगणातच गरजले. "राण्याबिण्या सोड! माझी पणजी इथे अनवाणी कापूस वाहायची!"

सगळं अंगण वळून बघायला लागलं. माहिती सांगणारा पोरगा म्हणाला, "या किल्ल्याला तोफ कशाला हवी? आजोबा आहेत की!"

लोक हसले. मीही हसले. हे लिहितानाही कान तापतात.

नंतर कालव्यातल्या होडीत बसलो. मी पुढच्या टोकाला, गोडलिव्ह मागे, मध्ये बाबा आणि लोटा. बाबांचं पुन्हा सुरू, "तर काय सांगत होतो, पणजी..." समोरच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. माझं डोकं सटकलं. बाबांच्या डोक्यावरून मी गोडलिव्हला नुसत्या ओठांनी म्हटलं, "पुढच्या वेळी ह्यांना घरीच ठेवू. लाज आणतात."

गोडलिव्हचा चेहरा पांढरा पडला. मी खाली बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते.

ज्यांच्याकडून ती बोली शिकले, त्यांच्यासमोरच मी ती गुपचूप वापरत होते!

बाबांनी गोष्ट तिथेच सोडली. होडीतून उतरल्यावर गाड्यावर लोटासाठी जांभळ्या गोळ्या घेतल्या, त्याही बोट दाखवून. "आजोबा, पणजीचं पुढे काय झालं?" लोटाने दोनदा विचारलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतीच्या गाडीत ते माझ्यासमोर बसले. रोन्से जवळ आल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि आवाज न काढता विचारलं, "आता बरोबर आहे ना, पोरी?"

भोंग्यावर तासभर तोंड चालवणाऱ्या मला 'चुकले बाबा' एवढंही म्हणता आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

या गोष्टीला आठ महिने झाले. घराबाहेर बाबा अजूनही फक्त ओठ हलवतात. पणजीची गोष्ट अर्धीच आहे.

तुम्ही कधी रोन्सेला आलात, तर बाजारातल्या बाकावर टोपी घातलेला एक म्हातारा दिसेल. त्याच्याशेजारी बसा आणि जोरात विचारा, "मग पणजीचं काय झालं?" माझी हिंमत होत नाही. तुम्ही विचारा.