ऑक्टोबरपर्यंतचा कॉम्प्युटर

अविनाश पांचाळांचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू होई. कुसुमचं, त्यांच्या बायकोचं, उजवं अंग दोन वर्षांपूर्वी लुळं पडलं होतं. तिला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, अंथरूण बदलायचं. पहाटेचं हे काम त्यांनी मुलीवर कधी टाकलं नाही. मग चहा, पोळ्या, आणि सातच्या ठोक्याला हावड्याच्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथसमोर उभे.

तरुणपणी ते कोल्हापूरहून लेथ बसवून द्यायला म्हणून आले आणि इथलेच झाले. कारखान्यात सगळे त्यांना बंगाली उच्चाराने ओबिनाशदा म्हणत. यंदा दुर्गापूजेनंतर काम सोडायचं ठरलं होतं. गुडघे आता आठ तास उभं राहू देत नव्हते.

मृणाल, त्यांची मुलगी, यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायला शिकली होती. दिवसा आईजवळ कोणीतरी हवं, म्हणून तिने कोलकात्याच्या न्यू टाउनमधली नोकरी सोडली. आता एका कंपनीने घरबसल्या काम देऊ केलं होतं. अट एकच: महिन्याच्या आत स्वतःचा कॉम्प्युटर हवा. हे हुकलं तर दुसरं कधी येईल याचा नेम नव्हता.

ओळखीतल्या अजेयच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढले होते. त्यातला एक त्याने घरी आणून ठेवला होता, तो स्वस्तात मिळत होता. नवा घ्यायचा तर गाठीचं सगळं गेलं असतं आणि काम सोडायचं लांबलं असतं.

"पण बाबा, ऑक्टोबरनंतर त्याचा आधार बंद होणार," मृणाल म्हणाली. घरात मराठीच बोलायचं हा बापाचा दंडक. शब्द सापडला नाही की ती जमेल तसा घडवी.

"कॉम्प्युटरलापण आधार कार्ड लागतं? अंगठा कुठला लावतात त्याचा?"

खाटेवर कुसुम हसली. जीभ जड झाली होती, हसू नाही.

"सपोर्ट हो, बाबा! कंपनी त्याची दुरुस्ती पाठवणार नाही. व्हायरस आला तर कोणी बघणार नाही."

"मग बेवारस होणार, असं म्हण की सरळ."

रविवारी ते अजेयकडे गेले. त्याला झाकण उघडायला लावलं. पंखा बोटाने फिरवला, कुठे अडला नाही. एकाही स्क्रूचं डोकं चेचलेलं नव्हतं. कोणीतरी जपून वापरलेली वस्तू होती.

"झीज कुठे आहे यात?"

"नाहीच, काका. नवी विंडोज त्यावर चढत नाही, एवढंच. दुसरी फुकटची सिस्टिम टाकता येते, पण मृणालचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालायचं नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

"आणि आहे तसाच वापरला तर?"

"चालेल. पण रोज सांभाळावं लागेल."

अविनाशराव खुर्चीवर बसले. त्यांचा लेथ बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. दात तुटला की ते स्वतः गिअर कापत. ओबिनाशदा आहेत म्हणून मशीन जिवंत आहे, असं लोक म्हणत, आणि त्यांना ते गोड वाटे. खरं मात्र त्यांनाच ठाऊक होतं. मजुरी नगावर होती. मशीनची मनधरणी करण्यात जे तास गेले, त्यांची मजुरी कोणी दिली नाही. तरी ते लोखंड होतं, त्यांच्या हाताला कळणारं. या डब्यातला तुटलेला दात ना त्यांना कापता आला असता, ना मृणालला.

"नको," ते म्हणाले. "पोरीकडे सांभाळायला एक माणूस आहे. त्यात आणखी यंत्र नको."

अजेयने झाकण लावलं. अविनाशरावांनी शेजारच्या मॉनिटरवरून बोट फिरवलं.

"यालाही ऑक्टोबर आहे का?"

"नाही, काका. हा पडद्यामागचे दिवे जळताहेत तोवर चालेल."

सोमवारी त्यांनी मालकाला सांगितलं, पुढच्या पूजेपर्यंत मी आहे. मालक म्हणाला, "ओबिनाशदा, तुम्ही जाणारच नव्हता." त्यांनी लेथचा चक आवळला.

गाठीचे सगळे पैसे आणि आणखी वर्षभराचं उभं राहणं, एवढ्या किमतीत मृणालला नवा कॉम्प्युटर आला, आणि अजेयकडचा जुना मॉनिटर.