मधल्या खोलीचं बटन

बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकांना सगळे ‘बटनकाका’ म्हणत. खोलीतून पाय बाहेर पडला की यांचा हात बटनावर. आमच्याकडे चहाला आले तरी निघताना पंखा बंद करून जात, खाली आम्ही घामाघूम बसलेले का असेनात! कचेरीत कारकून म्हणून जन्म गेला, पण तिथे फायलींपेक्षा दिवेच त्यांनी जास्त निकालात काढले असावेत.

काकू होत्या तेव्हा त्या घरात दोन टीव्ही चालत. बाहेर काकांच्या बातम्या, आतल्या खोलीत काकूंची मालिका. काका बाहेरून ओरडायचे, “आवाज कमी कर वं!” काकूंनी तो कधी कमी केला नाही. आमच्या सामाईक भिंतीतून हे ऐकू आलं की सात वाजले हे आम्हांला कळायचं.

काकू गेल्या. मुलगा बंगलोरहून आला, त्याने जुनी केबल काढून इंटरनेटवर चालणारे टीव्ही बॉक्स आणले आणि वायफाय घरभर पोचावं म्हणून तिन्ही खोल्यांत एकेक पांढरा डबा बसवला. “बाबा, एकट्याला दोन टीव्ही कशाला?” त्याने विचारलं.

“माह्यासाठी एकच हाय. आतला राहू दे,” काका म्हणाले. मुलाने आतल्या टीव्हीलाही बॉक्स जोडून दिला.

तो परत गेला आणि लगेच मला हाक आली. “बाबू, आतल्या टीव्हीवर नुसतं चक्कर फिरून राह्यलं!” जाऊन पाहतो तर मधल्या खोलीतल्या डब्याचं बटन बंद. बाहेरचं वायफाय आत जातं ते या मधल्या डब्यामार्फत, तो बंद झाला की आतला उपाशी. मी समजावलं तसा काकांचा चेहरा उतरला. “म्हंजे रिकाम्या खोलीतलं बटन चालूच ठेवाचं?” पुढे कितीदा तरी हाच घोळ झाला. शेवटी त्यांनीच तोड काढली. मधल्या खोलीतून जाताना ते दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून जाऊ लागले. मला तेव्हा फार हसू यायचं.

एका संध्याकाळी मी तिथे बसलो होतो. सात वाजता काका आत जाऊन काकूंची मालिका लावून आले, मग बाहेर बातम्या लावून बसले. माझ्याशी बोलता बोलता एकदम ओरडले, “आवाज कमी कर वं!” मी चमकलो. ते शांतपणे म्हणाले, “घर लय मुकं होते रे, बाबू.” त्यानंतर मला कधी हसू आलं नाही.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा त्यांना कायमचं घेऊन गेला. किल्ली माझ्याकडे आली. त्याच संध्याकाळी भिंतीतून मालिका ऐकू आली. कुलूप काढून आत गेलो. दिवे, पंखे, बाहेरचा टीव्ही, सगळं बंद. फक्त ते तीन डबे चालू, आणि आत रिकाम्या पलंगासमोर मालिका चालू. मी फोन लावला.

“काका, आतला टीव्ही चालू राहिला.”

“राह्यला नाई, मीच ठेवला,” काका म्हणाले. “बाबू, इथून माहा आवाज जात नाई. तू सांगजो तिले, आवाज कमी कर म्हणून.”

मी हो म्हटलं. बाहेर येताना मधल्या खोलीत माझे हात आपसूक पाठीमागे गेले.