तोर्तोसाला न गेलेला धोटे

धोटे रविवारी सकाळी सायकलवरून तांदूळ फिरवायचा. बेसिंगस्टोकला आमच्या ऑफिसचा कारपार्क रविवारी ओस पडलेला असतो. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत बासमतीची एकेक थैली कोंबून हा गृहस्थ तिथे गोल गोल फिरत असे. मी तेव्हा पुण्याहून नुकताच आलो होतो आणि लॅपटॉपचा चार्जर विसरला म्हणून रविवारी ऑफिसला गेलो होतो. पावसाची भुरभुर चालू होती. हेल्मेटखाली कानटोपी आणि गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिटी, असा अवतार पाहून मला हसू आवरेना.

"पुण्याचा काय तू?" त्याने सायकल न थांबवताच विचारलं.

"हो. कसं ओळखलंस?"

"लांब उभा राहून हसून राहिला ना बे. नागपूरचा असता तर जवळ येऊन हसला असता."

तांदळाचं कारण त्याने पुढच्या फेरीत सांगितलं. "स्पेनची प्रॅक्टिस. टूरिंगला जायचं म्हणजे तंबू, कपडे, भांडी, सगळं लादून चालवता आलं पाहिजे. तंबू अजून घेतला नाही. तांदूळ घरात होता." त्याची बायको, शुभांगी वहिनी, म्हणायच्या, "आमच्याकडचा भात सगळा हॅम्पशायर फिरून आलेला असतो." आम्ही जेवायला गेलो की त्या तो वाढायच्याही.

स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात उतरत जाणारा एक जुना रेल्वेमार्ग आहे. गाड्या कधीच्या बंद पडल्या, रूळ उखडले गेले, आणि त्या मोकळ्या वाटेवरून आता सायकली जातात. बदामाच्या बागा, उंच पूल, लागोपाठ बोगदे, छप्पर उडालेली स्टेशनं, आणि शेवटी नदीच्या काठाकाठाने तोर्तोसा नावाचं गाव. धोट्याला ही वाट तोंडपाठ होती. त्याचे वडील नागपूरच्या छोट्या लाइनीवर गार्ड होते. ती लाइन उखडली त्या दिवशी ते जेवले नाहीत. गळ्यातली शिटी त्यांचीच. "बाबाची लाइन गेली, तिथे सायकल कोणी चालवू देणार नाही," तो म्हणायचा. "म्हणून स्पेनची." मला सायकलीची फारशी सवय नव्हती, म्हणून मी एकदा चढाची शंका काढली. तो म्हणाला, "रेल्वेचा चढ मोठा नसते बे. मालगाडी चढते तिथे धोटे नाही चढणार?"

आमचं बेसिंगस्टोक राउंडअबाउटांसाठी, म्हणजे गोल चौकांसाठी, बदनाम आहे. धोट्याने त्यांना स्पेनच्या वाटेवरच्या स्टेशनांची नावं दिली होती. रस्त्याखालचे भुयारी मार्ग म्हणजे बोगदे. आत शिरताना तो शिटी वाजवायचा आणि कुत्री फिरवायला निघालेल्या म्हाताऱ्या गोऱ्या बायका दचकून बाजूला व्हायच्या. एका जागेबद्दल मात्र तो थट्टा करत नसे. सगळ्यांत लांब बोगदा संपला की एक पडकं स्टेशन लागतं, त्याच्या भिंतीत दगडी नळ आहे, त्याला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येतं. "तिथे बाटली भरायची, डोकं भिजवायचं, आणि बाबाच्या नावाने शिटी मारायची. गार्डाने शिटी मारल्याशिवाय गाडी निघत नसते, पुणेकर."

मग तो गेला का नाही? वर्क व्हिसावरच्या आपल्या माणसाला इथून स्पेनला जायचं तर वेगळा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी पासपोर्ट त्यांच्या वकिलातीकडे सोपवावा लागतो. धोट्याने एकदा सोपवला. तंबूही घेतला. तेवढ्यात नागपूरहून भावाचा फोन आला की बाबा पडले, शुद्धीवर नाहीत. धोट्याने पासपोर्ट परत मागितला. त्यांनी दिलाही, पण तो हातात येईपर्यंत बाबा गेले होते. थोरला असून धोटे इथे बसून राहिला आणि धाकट्याने अग्नी दिला. दोष कोणालाच देता येत नव्हता. दोषी कोणीतरी त्याला हवा होता, निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती.

नागपूरहून परतल्यावर त्याने मला कँटीनमध्ये सांगितलं, "आता कोणाच्या खिडकीत पासपोर्ट ठेवणार नाही. आपला इथला पासपोर्ट होऊ दे. मग उठलो की निघालो, कोणाला विचारायचं नाही."

मी मान डोलावली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आम्हा लोकांचं सगळंच "पीआर झालं की", म्हणजे इथे कायम राहायचा परवाना मिळाला की, असतं. घर पीआर झालं की, कुत्रा पीआर झालं की, एका मित्राने तर दुसरं मूलही पीआरवर टाकलं होतं. धोटे रविवारी तांदूळ फिरवत राहिला. पीआर झालं. त्याने पेढे वाटले आणि म्हणाला, "आता पासपोर्ट." पासपोर्टही झाला, निळाशार. मी म्हटलं, "आता काय? चल, मीही येतो."

"थांब ना बे. भारताचा पासपोर्ट सरेंडर झाला. ओसीआय कार्ड येऊ दे, मग भारतात जायला व्हिसा लागत नाही. आईचं काही झालं आणि पुन्हा अडकलो तर?"

मी हसलो. मोठा पासपोर्ट हातात असलेला माणूस आणखी कागदासाठी थांबतो, याची मी सगळ्यांसमोर टिंगल केली. तोही हसला. ओसीआय कार्ड आलं त्याच्या थोडंसं आधी त्याच्या सायकलचा डावा ब्रेक नीट लागेना. त्याने केबल बदलली. तरी लागेना, म्हणून ब्रेकचा अख्खा दांडाच बदलला. मग एका रविवारी मी सहज तो ब्रेक दाबला, तर चाक जागच्या जागी थांबलं. धोटे माझ्या हाताकडे बघत राहिला, मग स्वतःच्या.

स्नायूंचा आजार होता. तो हातातून सुरू झाला होता आणि थांबणारा नव्हता. डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी बरोबर होतो. बाहेर आल्यावर धोटे एवढंच म्हणाला, "केबल उगाच बदलली." मी गाडीत बसून रडलो, तो बाजूच्या सीटवर शांत बसला होता. त्याचा सीटबेल्ट मला लावावा लागला. त्याला कोणीही, कसलंही आश्वासन दिलं असतं तर ते खोटंच ठरलं असतं. म्हणून मी गाडी सुरू केली.

हिवाळा संपेपर्यंत तो चाकाच्या खुर्चीत आला. एक दिवस म्हणाला, "तू जा. माझी सायकल घेऊन जा. फोन लाव तिथून." बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून आणावा लागे. मी रीतसर व्हिसा काढला. तो मिळायला फारसे दिवस लागले नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. सायकल खोक्यात घालताना वहिनींनी पिशव्यांतला तांदूळ काढला. त्याला टोके लागले होते. निघताना त्यांनी धोट्याच्या गळ्यातली शिटी काढून माझ्या गळ्यात घातली.

ती वाट तो सांगायचा तशीच होती, आणि त्यामुळे मला एक क्षणही बरं वाटलं नाही. बदामाला हिरवी फळं धरली होती. चढ खरंच मोठे नव्हते. प्रत्येक पुलावर मला वाटायचं, हे इतकं सोपं होतं, धोटे, इतकं सोपं. लांब बोगदा दिवा लावून पार केला आणि स्टेशन दिसलं. भिंतीतला दगडी नळ कोरडा होता, खालच्या कुंडीत वाळलेली पानं पडली होती. मी फोन लावला. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला.

"पोचला?"

"पोचलो. नळापाशी उभा आहे."

"पाणी?"

"येतंय की. मोठी धार आहे."

"थंड?"

"बर्फासारखं. बाटली भरून घेतली."

त्याचा श्वास ऐकू आला. मग एकेक शब्द आला. "खोटं... बोलायला... शीक बे. तो नळ आटला. कधीचा. मी वाचलं होतं."

मी विचारलं, "मग मला कशाला विचारलंस?"

"वाटलं... कोणीतरी म्हणावं. आहे म्हणून. मी पासपोर्टसाठी थांबलो होतो ना... तेव्हा होतं पाणी." पुन्हा श्वास. "शिटी मार आता."

मी मारली. बोगद्यातून ती परत आली. फोनवर वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, नंतर करा फोन. हे रडताहेत, आणि मला त्यांचं तोंड पुसायचंय."

तोर्तोसाला मी गेलो नाही. त्याच स्टेशनातून मागे फिरलो.

धोटे त्या पावसाळी उन्हाळ्यात गेला. जाण्याआधीच त्याचं बोलणं गेलं होतं, त्यामुळे शेवटचे शब्द वगैरे काही नाहीत. दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. मेलेल्या माणसाचा पासपोर्ट इथे सरकारला परत पाठवायचा असतो, तेवढं काम त्यांच्याने होत नव्हतं. मी पाकिटात घालण्याआधी तो एकदा उघडला. सगळी पानं कोरी होती, एकही शिक्का नाही, बांधणी अजून कडक होती, उघडला की आपोआप मिटायचा. पोस्टाच्या रांगेत उभं राहून मी तो पाठवून दिला. हल्ली "पासपोर्ट झाला की जाऊ" असं कोणी म्हणालं, की मी तिथून उठून जातो.